रविवारी गढूळ होणारं तळं

६ जानेवारी, सोमवार
बीपी १६८/९८. ट्रिपिंग १.

आजपासून ही नोंद. वही विद्युत मंडळाची आहे. निवृत्तीच्या दिवशी सबस्टेशनच्या कपाटात कोरी पडली होती, ती मी पिशवीत घातली. चौतीस वर्षं असल्याच वहीत दर तासाला व्होल्टेज लिहिलं, त्यामुळे रकाने नसले की मला काही सुचत नाही. आता व्होल्टेजच्या रकान्यात बीपी लिहायचं आणि ट्रिपिंगच्या रकान्यात मी दिवसातून किती वेळा भडकलो ते. शेरा हा रकाना ऐसपैस आहे, त्यात बाकीचं.

कारण असं, की ३० डिसेंबरला पोटात अशी कळ आली की मी जेवणाचं ताट सोडून जमिनीवर आडवा झालो. पित्ताशयात खडे निघाले. सर्जन म्हणाले, पित्ताशय काढावं लागेल, फार लांबवू नका, पुन्हा कळ आली तर प्रकरण हाताबाहेर जाईल. पण आधी बीपी १४०च्या खाली आणा, त्याशिवाय भूल देणारे डॉक्टर तयार होणार नाहीत. मग त्यांनी दुर्बिणीतून कसं करतात आणि पोट उघडून कसं करतात ते चित्र काढून सांगायला घेतलं. मी त्यांना त्यांच्या केबिनमधल्या एसीचं अर्थिंग विचारलं.

मला ऑपरेशनची भीती वगैरे नाही. आमचे वडील, अण्णा, सत्त्याऐंशी साली साध्या हर्नियासाठी चालत दवाखान्यात गेले आणि गाडीतून परत आले, त्याचा इथे संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

९ जानेवारी, गुरुवार
बीपी १६४/९६. ट्रिपिंग २.

औषधं देणाऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि रोज अर्धा तास पाण्याजवळ शांत बसायला सांगितलं. आमच्या घराजवळ पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी. तिच्याजवळ बसून पाहिलं. फ्लोट व्हॉल्व्ह गळत होता, त्यामुळे एक ट्रिपिंग तिथेच झालं.

यशोधरा म्हणाली, "परसात एक खड्डा करून घ्या, पाणी भरा आणि मासे सोडा. दिवसभर घरात माझ्या मागे मागे तरी नाही फिरणार." बायकोनं चौतीस वर्षांत माझ्या तब्येतीचा इतका विचार केल्याचं मला आठवत नाही.

१८ जानेवारी, शनिवार
बीपी १६६/९८. ट्रिपिंग ३.

खड्डा झाला. आठ बाय पाच फूट, खोली अडीच. पण खड्डा खणणं हे काम नव्हे, पद्धत ठरवणं हे काम.

पद्धती दोन आहेत. पहिली शेजारच्या धनेशची. त्याचं रंगीत माशांचं दुकान आहे. कुंपणावर कोपर टेकून तो म्हणाला, "नानासाहेब, मी काय म्हणतोय, एक बढिया फिल्टर टाकून द्या, पंप लावा, पाणी काचेसारखं राहील. झंझट खतम." दुसरी आक्काची. इंदुमती, माझी थोरली बहीण, छत्रीबागेत राहते, बहात्तर वर्षांची आहे आणि अजून कुणाचं ऐकत नाही. तिचं म्हणणं, तलावाला कुणी फिल्टर लावलाय का आजवर? तळाला हातोदची काळी माती घालायची, चार पाणवनस्पती लावायच्या, बाकी देव बघतो. हातोदला तिच्या दिराचं शेत आहे, त्यामुळे मातीच्या बाजूनं तिचा कल असणारच.

यशोधराला विचारलं. ती म्हणाली, "मासे सोडा आणि बघत बसा." याला पद्धत म्हणत नाहीत.

सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला होता. सध्या एका महत्त्वाच्या निर्णयात आहे असं कळवलं.

२ फेब्रुवारी, रविवार
बीपी १६४/९४. ट्रिपिंग १.

तुलनात्मक तक्ता पूर्ण झाला. चौदा मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. फिल्टर पद्धत ९१, माती पद्धत ९१. पुन्हा तपासलं, ९१ आणि ९१. पंधरावा मुद्दा शोधतो आहे.

सूनबाई, रुपाली, रविवारी उशिरा उठते आणि उठल्या उठल्या खरं बोलते. तक्ता बघून म्हणाली, "बाबा, तो गड्ढा दोन हफ्त्यांपासून रिकामाच आहे. कमलबाईंनी त्यात झाडू वाळत घातलाय." मी म्हटलं, घाईनं केलेल्या कामात फॉल्ट राहतो. ती म्हणाली, हो, आणि न केलेल्या कामात नाही राहत. मुलगी हुशार आहे. अर्पित माझ्या मुलाचं नाव, पण बुद्धी हिची घ्यावी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बीपी १५८/९२. ट्रिपिंग ०.

निर्णय झाला. एका टोकाला फिल्टर, दुसऱ्या टोकाला हातोदची माती आणि कमळाचे कंद. धनेश आणि आक्का दोघंही नाराज आहेत, म्हणजे निर्णय निःपक्षपाती आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते ड्रमांत दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवलं आणि मग भरलं. आक्कानं काठावर उभं राहून हात जोडले. नर्मदेचं पाणी आहे, मासे तीर्थात आहेत, म्हणाली.

सात गोल्डफिश आणले. ओळखायला नावं हवीत म्हणून आमच्या जुन्या फीडरांची, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्यांची, दिली: राजवाडा, पलासिया, विजयनगर, खजराना, अन्नपूर्णा, भंवरकुआँ आणि जूनी इंदौर. जूनी इंदौरच्या शेपटीवर काळा डाग आहे. विजयनगर आत्ताच सगळ्यांत जाड आहे. तिथे लोड नेहमीच जास्त असायचा.

खाणं: धनेशच्या दुकानातले दाणे, सकाळ-संध्याकाळ एकेक चिमूट. जास्त दिलं की न खाल्लेलं कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे त्यातच गुदमरतात. तपासायला रंगाच्या थेंबांचं किट घेतलं. घरात सर्वांना ताकीद दिली आहे की माशांना माझ्याशिवाय कुणी काही घालायचं नाही. सर्वांनी माना डोलावल्या.

अर्धा तास बसलो. छान वाटलं. एवढं स्पष्टपणे मी याआधी कधी लिहिलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
बीपी १६०/९४. ट्रिपिंग १.

पाणी दुधाळ झालं आहे. काल सकाळी स्वच्छ होतं. मासे सकाळचा दाणा बघायलाही तयार नाहीत. नवीन जागा आहे, रुळतील.

१६ फेब्रुवारी, रविवार
बीपी १६२/९६. ट्रिपिंग २.

पुन्हा दुधाळ. आठवडाभर मेहनत करून पाणी निवळलं, शुक्रवारी तळ दिसत होता, शनिवारी सकाळी फिरायला जाताना दिसत होता, आज दिसत नाही. शिवाय वर तेलाचा तवंग आहे. बोट बुडवून वास घेतला. पंपातून तेल गळतंय हे उघड आहे. मात्र तुपाचा वास येणारं तेल मी पहिल्यांदाच पाहिलं. हलक्या दर्जाचं असणार.

आणखी एक. रविवारी मासे उपास करतात. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, मुकी जनावरंसुद्धा सूर्याला मानतात. तिला हल्ली माशांचा लळा लागला आहे. गेले दोन्ही शनिवार ती सकाळी सकाळी रिक्षा करून छत्रीबागेतून आली. मी फिरून येईपर्यंत चहा पिऊन परत निघालेली असते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
बीपी १७०/१००. ट्रिपिंग ४ (चारही धनेश).

पंप परत केला. धनेश म्हणाला की या पंपात तेल नसतंच. मी म्हटलं, मग तवंग कुठून येतो? तो काहीतरी बोलणार होता, पण थांबला आणि त्यानं मुकाट्यानं नवीन पंप दिला. माणूस मनातून खजील झाला असावा. जाता जाता म्हणाला, "नानासाहेब, तुम्ही टेन्शन नका घेऊ हो. तुमच्यासाठी आपण करतोय सगळं." दुकानदार असंच बोलतात.

२३ फेब्रुवारी, रविवार
बीपी १६४/९४. ट्रिपिंग १.

नवीन पंप असूनही तेच. अमोनियाचा आलेख काढला. सोमवारपासून उतरतो, शनिवारी सकाळी तळाला, रविवारी एकदम टोकाला. तीनही आठवडे सारखंच. ज्याला फॉल्ट शोधायची सवय आहे त्याला एवढं पुरतं. कारणं मांडली: (एक) सुट्टीमुळे कॉलनीत धुणं जास्त, त्यामुळे व्होल्टेज कमी आणि पंप मंद. (दोन) हवेचा दाब. (तीन) मातीत काहीतरी आहे जे सात दिवसांनी सुटतं. तिसरं जास्त पटतं. आक्काच्या दिराला फोन करून विचारलं की शेतात दर शनिवारी काही फवारता का. त्यांनी अर्पितला फोन करून माझी तब्येत विचारली.

यशोधरेला माझ्या फिरण्याची मात्र काळजी आहे. शनिवारी लालबागेला दोन चकरा जास्त मारा, सुट्टीच्या दिवशी हवा चांगली असते, असं तिनं शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं.

घरातलं पीठ महिनाभर पुरायचं, ते वीस दिवसांत संपलं. रुपाली म्हणते, पोळ्या जास्त लागतात. मला तर दोनच मिळतात.

आक्का तिसऱ्यांदा ऑपरेशनची तारीख ठरवायला सांगून गेली. तिला २९ मार्चच्या आत हवी आहे. त्या दिवशी शनी मीन राशीत जातो आणि माझ्या मेष राशीला साडेसाती लागते म्हणे. मी म्हटलं, शनी माशांच्या राशीत जातोय, तर काळजी माझ्या माशांनी करावी. ती हसली नाही. डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. वय झालंय.

२ मार्च, रविवार
बीपी १६८/९६. ट्रिपिंग २.

फार वाईट दिवस. पाणी ताकासारखं. सगळे मासे वर तोंड काढून हवा घेताहेत. जूनी इंदौर एका कडेला कलंडून पोहतोय. अर्धं पाणी बदललं, औषधाचे थेंब टाकले. दोन तास शेजारी स्टूल टाकून बसलो. एवढासा जीव, पण त्याच्या कल्ल्यांची उघडझाप बघवेना. कमलबाई भांडी घासता घासता येऊन बघून गेली. तिनं विजयनगरकडे बोट दाखवलं. "साब, मच्छी तो घणी मोटी हुई गी," म्हणाली. दाणा खात नाहीत तरी जाड होतात. हेही नोंदवून ठेवलं.

३ मार्च, सोमवार
बीपी १५६/९२. ट्रिपिंग ०.

चमत्कार हा शब्द मी वापरत नाही, पण जूनी इंदौर ठणठणीत आहे. सकाळी मला उठायला थोडा उशीर झाला. यशोधरेनं गजर बंद केला होता. बाहेर आलो तर सातही मासे हुंदडताहेत. इतकंच नाही, त्याच्या शेपटीवरचा काळा डाग साफ गेला आहे आणि अंगानंही जरा भरला आहे. औषधाची शिफारस धनेशला करायला हवी. रुपालीला दाखवलं तर ती घाईघाईनं ऑफिसला निघून गेली.

८ मार्च, शनिवार
बीपी १७६/१०४. ट्रिपिंग मोजले नाहीत.

सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी लालबागेच्या गेटपाशी पोचलो आणि आठवलं, की आज पाण्याचं रीडिंग घ्यायचं राहिलं. चौतीस वर्षांत रीडिंग चुकवलेलं नाही, म्हणून परत फिरलो. मागच्या गल्लीतून परसात शिरलो तर यशोधरा पाठमोरी तळ्याकाठी उभी. हातात परात. मी पाण्याच्या ड्रमांमागे थांबलो. ती परातीतून एकेक कणकेची गोळी पाण्यात सोडत होती आणि पुटपुटत मोजत होती. मोजणं संपल्यावर पदराला हात पुसून आत गेली.

मी पुढे होणार, तोच मागच्या दारातून रुपाली आली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, डबा उघडला आणि तेच सुरू. मोजायला मोबाइल. ती गेली, कमलबाई आली. तिची कणीक मक्याच्या पिठाची होती. ती गेली, कुंपणापलीकडून हात वर आला आणि गोळ्या हवेतून पडू लागल्या. तो हात धनेशचा. ज्या माणसानं मला चिमूटभर दाण्याच्या वर घालू नका म्हणून शपथ घातली होती, तो. सबस्टेशनवर शिफ्ट बदलते तसे एकामागून एक येत होते आणि कुणी कुणाला दिसत नव्हतं. शेवटी रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पितळी डबा घेऊन आक्का. डब्याचं झाकण उघडलं तसा तुपाचा वास ड्रमांपर्यंत आला.

मी बाहेर आलो. आवाज बहुधा कॉलनीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण बाकीचे चौघंही धावत आले.

खुलासा असा. छत्रीबागेतल्या एका गुरुजींनी आक्काला सांगितलं, की दर शनिवारी माशांना कणकेच्या एकशेआठ गोळ्या घाला, भावावरचं संकट टळेल, बीपी उतरेल, ऑपरेशन नीट होईल. पण गुप्तपणे, सांगितलं तर फळ जातं. आक्कानं ते फक्त यशोधरेला सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणून. यशोधरेनं त्याच अटीवर रुपालीला, रुपालीनं कमलबाईला, आणि कमलबाईनं कुंपणावरून धनेशला. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला सांगणाऱ्याकडून नीट होत नसेल, आपण घातलेल्या बऱ्या. पाच गुणिले एकशेआठ, पाचशे चाळीस गोळ्या, सात मासे. आक्का तुपात मळत होती, कारण भावासाठी कोरडी कणीक कशी द्यायची.

जूनी इंदौर रविवारीच गेला. रुपालीनं धनेशकडून दुसरा आणून सोडला, मला धक्का नको म्हणून. चमत्काराची नोंद मी खोडलेली नाही, पण तिथे बाण काढला आहे.

मी फार बोललो. अडाणी म्हणालो, मासे मारले म्हणालो, माझी प्रयोगशाळा खलास केली म्हणालो. आक्का रडली. मग यशोधरा म्हणाली, अगदी हळू आवाजात, म्हणून जास्त लागलं:

"अहो, तळ्यासाठी तुम्ही दोन महिने तक्ते केले. ऑपरेशनची तारीख त्या वहीत एकदा तरी लिहिलीत का? आम्हाला तर करायला काहीच ठेवलं नाहीत तुम्ही. मग आम्ही गोळ्या केल्या."

धनेशनं कुंपणाआड मान खाली घातली.

९ मार्च, रविवार
बीपी १४८/९०. ट्रिपिंग ०.

यंत्र बिघडलं असावं. तिनं म्हटलं म्हणून वही पहिल्या पानापासून चाळली. खरंच नाही. पाण्याचा पीएच छत्तीस वेळा लिहिला आहे, हवेचा दाब तीन वेळा, आक्काच्या दिराच्या शेतात काय फवारतात तेही. ऑपरेशनची तारीख नाही, ते कुठल्या पद्धतीनं करायचं तेही नाही.

मला भीती वाटते. अण्णा जाताना म्हणाले होते, संध्याकाळी पोहे खाऊ. मी सहा वाजेपर्यंत पोहे भिजवून ठेवले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लिहून टाकलं.

संध्याकाळी आक्काला फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, मलापण अण्णांचीच आठवण येत होती रे." आम्ही दोघं बहीणभाऊ अडतीस वर्षं याविषयी बोललो नव्हतो. मग तिनं विचारलं, गोळ्या बंद करायच्या का.

१० मार्च, सोमवार
बीपी १४६/८८.

नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पद्धत बदलायची. हरभऱ्याएवढी एक कणकेची गोळी, तिचे एकशेआठ भाग मोहरीएवढे, आणि पाच जणांत रोस्टर: दर शनिवारी एकच जण. तूप वर्ज्य. आक्कानं गुरुजींना विचारून घेतलं की आकाराची काही अट आहे का. ते म्हणाले, आकार नाही, भाव. मला हे आधी कळलं असतं तर एक पंप वाचला असता.

सर्जनकडे जाऊन आलो. चित्र पुन्हा काढायला लावलं आणि शेवटपर्यंत पाहिलं. दुर्बिणीतून करायचं ठरलं. बीपी उतरलं तर मंगळवार, २५ मार्च.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी
बीपी १३८/८६.

तळ्यावर सकाळपासून ताडपत्री. धनेश लाल-हिरवा होऊन गेरची मिरवणूक बघून आला आणि कुंपणावरून पाया पडला. त्याच्या टाळूवरून रंग गळत होता, म्हणून त्याला चार हात लांब उभं केलं. पाणी शनिवार होऊन गेला तरी स्वच्छ आहे. कमळाला पहिलं पान आलं.

आणि हो, १३८. अर्धा तास बसलो.

२४ मार्च, सोमवार
बीपी १३६/८४. ट्रिपिंग ०.

शिफ्ट संपताना चार्ज लिहून द्यायचा असतो, म्हणजे पुढच्या माणसाला काय चालू आहे, काय बंद आहे ते कळतं. तो देतो आहे.

मासे सात. पंप चालू. अमोनिया शून्य. दाणा सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, चिमूट माझी नव्हे, यशोधरेची, माझी मोठी आहे. पाणी सोडण्याआधी ड्रम दोन दिवस उघडा. विजयनगर इतरांचं खातो, त्याला आधी दुसऱ्या टोकाला दाणा दाखवून फसवायचं. संध्याकाळी पोहे भिजवू नयेत.

चार्ज दिला. नाना.

२५ मार्च, मंगळवार

चार्ज घेतला. सकाळी ५.५०. यशोधरा.

यांची वही दवाखान्यात घेऊन आले आहे. रकाने आहेत तर भरते.

७.३० दाखल केलं. खाटेची बैठक तिरकी आहे असं नर्सला सांगितलं. सांगणार कोण, ते लिहायला नको.
८.१० कमलबाईचा फोन. मासे सात. विजयनगरला फसवलं.
९.१५ आत नेलं. जाताना म्हणाले, वहीत वेळ लिही.
९.४० आक्कांची माळ तुटली. मणी सगळ्यांनी शोधले, एकशेसात मिळाले. रुपाली म्हणाली, एकशेआठवा धनेशच्या खिशात असेल.
१०.०० रुपालीनं घरातलं बीपीचं यंत्र आणलं होतं, यांच्यासाठी. बसल्या बसल्या माझ्या हाताला लावलं. १७८/१०४. मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. तिनं पुन्हा लावलं. १७६/१०४. वहीत लिहिते, यांना सांगणार नाही.
१०.५५ बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, सगळं छान झालं.
११.३० शुद्धीवर. पहिला प्रश्न, अमोनिया किती.
ट्रिपिंग: नाही. वेळ नव्हता.
संध्याकाळी पोहे केले नाहीत. खिचडी.

२८ मार्च, शुक्रवार
बीपी १३०/८२.

काल घरी आलो. पोटाला चार छोटी भोकं, बाकी सर्व शाबूत. खडे एका बाटलीत घालून दिले आहेत, अकरा. मला मोजायला काहीतरी हवं हे सर्जनला कळलं असावं.

आज वही उघडली. पंचवीस तारखेचं पान तीन वेळा वाचलं.

सबस्टेशनवर एक गोष्ट आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचो. जो फीडर सारखा ट्रिप होतो, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. जो कधीच होत नाही, तो किती तापलाय ते कुणी हात लावून बघत नाही. हे मी चौतीस वर्षं लोकांना सांगितलं. या वहीत जवळजवळ तीन महिने व्होल्टेजच्या रकान्यात एकाच माणसाचं नाव होतं.

यशोधरेला हाक मारली, समोर बसवलं, पट्टा बांधला. १५८/९४. विचारलं, कधीपासून डोकं दुखतं. म्हणाली, "तुम्ही जमिनीवर पडलात तेव्हापासून असेल. आता नका तक्ता करू." तक्ता केला नाही. औषधाच्या डॉक्टरांना फोन केला आणि उद्या सकाळची वेळ घेतली. पूर्ण निर्णय एका मिनिटात. मला स्वतःला आश्चर्य वाटलं.

मग म्हटलं, चार्ज परत दे. तिनं वही मिटून मांडीवर ठेवली आणि नाही म्हणाली.

२९ मार्च, शनिवार
बीपी: नाना १२८/८०, यशोधरा १५२/९०.

ही नोंद परवानगीनं.

शनी आज मीन राशीत गेला. आक्काचा तीनदा फोन आला. यशोधरेला गोळी सुरू झाली, अर्धा तास पाण्याजवळ बसायला सांगितलंय. डॉक्टरांनी तेच वाक्य तसंच्या तसं म्हटलं. दुसरं स्टूल काढलं. आम्ही शेजारी बसलो. तिला शांत बसता येत नाही, ती सारखी विजयनगरला नावं ठेवत होती.

आजची पाळी रोस्टरप्रमाणे रुपालीची होती. तिनं मोहरीएवढ्या एकशेआठ घातल्या आणि गेली. मग यशोधरा चहा आणायला आत गेली. परातीत कणकेचा एवढासा तुकडा उरला होता. तो मी उचलला, गोल केला आणि तिच्या नावानं पाण्यात टाकला. तो नव्या जूनी इंदौरनं खाल्ला.

एकशेनऊ. अमोनिया उद्या तपासायचा.